गिरणीच्या आठवणी व जात्यावरची ओवी

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिचा भोंगा २००२ साली कायमचा थांबला. मुंबईचे गिरणगाव १९८२ च्या संपानंतर विस्कटले. त्या जीवनाची स्मृती ग्रंथांपेक्षा वृद्ध स्त्रियांच्या मुखी अधिक असते, कारण ओवी नवे दुःखही जुन्या चालीत सामावून घेते. पिठाची चक्की आली, जाते थांबले, तेव्हा ओवीचे निमित्तच गेले. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या घरांपासून, अथवा गावातील कोणी गिरणीत राहून आले असल्यास त्या कुटुंबापासून, आरंभ करावा. ‘आजी, गाणे म्हणा’ असे एकदम म्हणू नये, ती संकोचते. कांडी कोण भरी, रात्रपाळीच्या दिवशी चूल केव्हा पेटे, पगार झाला म्हणजे घरी काय येई, हे मुलाने विचारावे. बोलता बोलता ओवी येते. ती ऐकली तशीच लिहावी. झाडीबोलीतील रूपे ‘शुद्ध’ करणे हा आपल्या व्यवसायाचा जुना मोह आहे. तसे केल्याने चाल मोडते आणि आजीला आपलेच गाणे परके वाटते. वर्गात ओवी प्रथम म्हणून दाखवावी. अर्थ नंतर सांगावा.