‘आहे’ की ‘असावा’

सोमवारपासून तू रोह्याला, धाटावच्या कारखान्यात रुजू होणार. शिफ्ट संपताना लॉगबुक तुलाच भरायचं, तेही इंग्रजीत. घाबरू नकोस. शब्द हळूहळू येतील. आधी क्रियापद सांभाळ.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलास ना? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दामल्यांचं १९११ सालचं व्याकरण आहे माझ्या कपाटात, ते सवडीने वाच. स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. हुकूम, इच्छा, अट यांतलं काही न चिकटवता क्रियापद स्वतःचाच अर्थ सांगतं, तो स्वार्थ. इंग्रजीतला इंडिकेटिव्ह तो हाच.

आता विध्यर्थ घे. ‘व्हॉल्व्ह बंद असावा’ हा नियम झाला की अंदाज? बोलताना सुरावरून कळतं, कागदावर सूर नसतो. ‘शुड बी क्लोज्ड’ लिहिलंस तरी तोच घोळ, आणि रात्रपाळीचा माणूस त्यावर विसंबणार. स्वतः जाऊन बघितलास तरच ‘इज क्लोज्ड’ लिही. बघितला नसशील तर ‘नॉट चेक्ड’ लिही, लाजू नकोस. तीही खरी नोंदच आहे.

मला हे काकांनी शिकवलं, पेणला, त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात. शाडूची मूर्ती वरून पांढरी पडली की सुकल्यासारखी दिसते, पण पावसाळी हवेत बैठकीत ओल धरून असते. काका विचारायचे, “सुकली का रे?” मी म्हणायचो, “सुकली असेल.” “असेल नको. आहे की नाही, ते सांग.” मग माझा हात धरून मागच्या बाजूला टेकवायचे. ओली माती गार लागते. एकदा मी हात न लावताच ‘सुकली’ म्हणालो. रंग चढला, आणि पुढे पितांबराचे पोपडे निघाले. काका रागावले नाहीत. रात्रभर बसून खरवडत राहिले. ते मला अजून दिसतं.

आता रूपांचं. ‘द पंप रन्स’ यातला ‘स’ विसरू नकोस. पण ‘आय सजेस्ट दॅट द पंप रन’ म्हणताना तो जातो, कारण तिथे पंप चालतोय असं तू सांगत नाहीस, चालावा असं सुचवतोस. ‘डिड नॉट’ आलं की पुढे ‘स्टार्ट’, ‘स्टार्टेड’ नाही. आणि उद्याच्या गाडीला ‘लीव्ह्ज’ चालतं, आपण नाही का म्हणत, उद्या दिव्याची गाडी सकाळी सुटते?

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी उतरवून आण. रविवारी ओटीवर बसून बघू.