घरी विजेवरील वाहनाचा चार्जर बसविताना

कर्जत तालुक्यातील बरीच शेतकरी कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्तीवर राहतात. सकाळी दूध घालणे, मुलांना शाळेत सोडणे, राशीन किंवा मिरजगावच्या बाजाराला जाणे अशी रोजची वीस-तीस किलोमीटरची ये-जा असते. विजेवरील दुचाकीला हे अंतर सहज झेपते आणि तीस किलोमीटरला साधारण एक युनिट वीज पुरते. त्यामुळे अशा गाड्या आता वस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. मोटारगाडी घेणारेही आहेत. मात्र गाडी विकणारा गाडीची माहिती देतो, आपल्या घरातील वायरिंग पाहत नाही. ते आपणच पाहावे लागते.

चार्जर आणि घरातील इतर उपकरणे यांत एक मोठा फरक आहे. इस्त्री दहा-पंधरा मिनिटे चालते, पाणी तापविण्याचा हीटर अर्धा तास. मोटारगाडीचा साधा चार्जर मात्र 15 अँपिअर प्रवाह आठ-दहा तास सलग घेतो आणि तोही रात्री, घरातील सर्व जण झोपेत असताना. जुन्या वायरीचा जो सैल जोड इस्त्रीला सोसतो, तोच जोड पहाटेपर्यंत तापून जळतो. दुचाकीचा चार्जर बहुधा एक किलोवॅटच्या आतला असतो, म्हणून त्याला धोका कमी. पण त्यालाही स्वतंत्र जोडणी असावी.

वीज कोणत्या जोडणीची?

घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करण्यास परवानगी आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलेले आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र गाडी लावू नये. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळू लागल्याने हा मोह होणे साहजिक आहे. परंतु ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरल्यास वीज कायदा 2003, कलम 126 प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते.

दंडापेक्षाही मोठा धोका निराळाच आहे. विहिरीवरच्या स्टार्टरमधून एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेली सळई वापरायची, ही युक्ती आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. तिच्यावर बल्ब लागतो, पंखा फिरतो. पण प्रवाह परत जातो तो त्या सळईतून आणि आजूबाजूच्या मातीतून. चार्जरसारखा मोठा भार त्यावर टाकला तर सळईभोवतीच्या जमिनीतच विजेचा दाब उतरतो. तेथे अनवाणी माणूस किंवा दावणीचे जनावर उभे असेल तर ते जिवावर बेतते. माणसापेक्षा गाई-म्हशींना कमी दाबाचा धक्काही घातक ठरतो, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते.

शेतीच्या वाहिनीवर असलेल्या काही वस्त्यांना एसडीटी रोहित्रावरून घरापुरती सिंगल फेज वीज मिळते. ती सोय दिवे-पंख्यांसाठी आहे. अशा ठिकाणी मोटारगाडीचा चार्जर घेण्यापूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन रोहित्राची क्षमता विचारावी व आपला मंजूर भार वाढवून घ्यावा. भिंतीवरील 7.2 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर घेतो. सिंगल फेज जोडणीची मर्यादा 40 अँपिअर असल्याने घरातील बाकीच्या वापराला फारसे काही उरत नाही. ज्याची गाडी रात्रभर घरीच उभी असते त्याला या मोठ्या चार्जरची गरजही नसते. 15 अँपिअरवर रात्रीत पंचवीस-तीस युनिट भरतात.

वायरची जाडी

समजा, मीटर रस्त्याकडेच्या खांबाजवळ आहे आणि गाडी लावण्याची पडवी तेथून 100 मीटरवर आहे. जाण्या-येण्याची मिळून 200 मीटर तार झाली. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरल्यास 15 अँपिअरला सुमारे 15 व्होल्ट वाटेतच उतरतात आणि सव्वादोनशे वॅट वीज वायर तापविण्यात जाते. आधीच संध्याकाळी 190 व्होल्टवर आलेली वीज 175 वर येते आणि चार्जर बंद पडतो. मग दोष गाडीला दिला जातो. दहा चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास हीच घट सहा व्होल्टच्या आत राहते. घराच्या बोर्डापासून दहा-पंधरा मीटरवर गाडी उभी राहणार असेल तर चार चौरस मिलिमीटर पुरे. वायर अखंड असावी, मध्ये जोड नको. वायर पाइपमधून न्यावी. धान्याच्या खोलीतून नेल्यास उंदीर ती शिल्लक ठेवत नाहीत.

अर्थिंग

खरा प्रश्न येथे आहे. भीमा आणि सीनाकाठची काळी जमीन सोडली तर तालुक्यात मुरमाड, हलक्या जमिनी पुष्कळ आहेत आणि पाऊस कमी. कोरडा मुरूम वीज नीट वाहून नेत नाही. त्यामुळे एक हात खोल सळई ठोकून केलेली अर्थिंग उन्हाळ्यात निव्वळ नावाची उरते. 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप घ्यावा. तो खड्ड्यात उभा करून भोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत, वर पाणी घालण्यास नरसाळे ठेवावे. जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा नारळाच्या आळ्याशेजारी निवडल्यास ओल आपोआप टिकते. दावणीजवळ मात्र खड्डा घेऊ नये. मिठाने पाइप गंजतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उकरून पाहावा.

अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा. तो पाच ओहमच्या आत असलेला बरा. आणि हे मोजमाप वैशाखात करावे. भाद्रपदात जमीन ओली असताना कोणतीही अर्थिंग चांगलीच दिसते.

चार्जरच्या जोडणीवर 20 अँपिअरचा एमसीबी व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. मोटारगाडीसाठी आरसीसीबी 'ए' प्रकारचा हवा की 'बी' हे चार्जरच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढे वाचून मगच खरेदी करावी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो कोठेतरी माणसातून वा ओल्या भिंतीतून गळतो आहे, हे ओळखून आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. 'सारखा पडतो' म्हणून तो काढून टाकणारे कारागीर आहेत. तो पडतो याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती शोधून घ्यावी. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देणे हाही असाच जीवघेणा उपाय. खांबावर न्यूट्रल तुटला की गाडीचा सांगाडाच जिवंत होतो. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

गाडी कडब्याच्या गंजीजवळ, कापूस वा बारदान ठेवलेल्या खोलीत किंवा डिझेलच्या कॅनशेजारी लावू नये. उन्हातून आलेली दुचाकी अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. रोहिणी-मृगाच्या वळिवात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा.

बिलाचा अंदाज आधी घ्यावा. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी मोटारगाडी दीडशेच्या आसपास युनिट घेते. पूर्वी 90 युनिट वापरणारे घर त्यामुळे शंभराच्या वरच्या महाग टप्प्यात जाते. छतावर तीन किलोवॅटचे सौर संच बसविल्यास दिवसाला सरासरी बारा युनिटपर्यंत वीज मिळते आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. मात्र बॅटरी नसलेला असा संच महावितरणची वीज गेली की बंद पडतो, हे ध्यानात ठेवूनच हिशेब करावा.

चार्जर बसविल्यावर पहिल्या रात्री तो लावून झोपी जाऊ नये. दिवसा तासभर चालवावा, नंतर मेन स्विच बंद करून प्लग, सॉकेट आणि बोर्डातील एमसीबी यांना हात लावून पाहावा. कोमट असल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे. तो आवळून घेतल्याशिवाय गाडी पुन्हा लावू नये.