चौघांचा बँड, नऊ माणसं

२००९च्या पावसाळ्यात पुण्यात आम्ही चौघांनी पंक बँड काढला. बँड अजून चालू आहे, पण त्या चौघांतली मी एकटीच उरले आहे. मी बेस वाजवते. आतापर्यंत माझ्या मागे ड्रमवर चौघे बसले, शेजारी दोन गायक उभे राहिले, दोन गिटारवाले झाले. मला धरून नऊ माणसं.

नवा बँड काढणारी मुलंमुली भेटतात आणि विचारतात, ‘ताई, माणसं टिकवायची कशी?’ ते मला जमलं नाही. पण माणसं येत-जात असताना गाणी जिवंत कशी राहतात, हे मी जवळून पाहिलंय. तेवढंच इथे लिहिते.

१. कोण काय वाजवणार हे आधीच पक्कं करू नका.

मी सुरुवातीला दुसरी गिटार वाजवायचे. बेससाठी आम्हाला कुणी मिळेना, म्हणून एका शनिवारी मी मित्राकडून बेस उसना आणला. पट्टीवर कुठे कोणता सूर आहे ते कळत नव्हतं, तेव्हा व्हाइटनरने खुणा केल्या. पुढे वाचनात आलं, की ‘द क्लॅश’च्या पॉल सिमोननने हेच केलं होतं. १९७६ साली तो त्या बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस येत नव्हता. गिटारवाल्या मिक जोन्सने त्याला शिकवलं आणि त्याने बेसच्या दांडीवर सूर रंगवून घेतले. हे वाचून मला इतका धीर आला, की त्या खुणा मी दोन वर्षं पुसल्या नाहीत.

‘रामोन्स’ची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समधली ही पोरं एकत्र आली, तेव्हा पुढे जगाला गायक म्हणून माहीत झालेला जोई ड्रमवर होता आणि बेस वाजवणारा डीडी गात होता. डीडीला गाणं आणि वाजवणं एकदम झेपेना. मग जोई उठून माइकपाशी आला आणि ड्रमचं स्टूल रिकामं झालं. टॉमी एर्देयी त्यांचं व्यवस्थापन बघणार होता. ड्रमसाठी येणाऱ्या एकेकाला तो समजावत बसायचा, की नुसतं सरळ आणि वेगात वाजव, करामती नकोत. कुणाला ते जमेना, तेव्हा तोच बसला. पंक ड्रमिंग म्हणून आज जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग या नाइलाजातून आलेला आहे. ठरलेल्या जागांना ही मंडळी चिकटून राहिली असती तर आपल्याला ते रामोन्स मिळालेच नसते.

२. खोली आधी, नाव नंतर.

नावावरून आम्ही दोन महिने भांडलो आणि सराव केला तीनदा. पुढे सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मागची खोली मिळाली, आणि बँड खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू नका. आम्ही तीनशे लावले. त्यांनी खोलीतला चिरका प्रतिध्वनी थोडा कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज अडत नाही. तो अडवायला वजन लागतं. जाड भिंत हवी, दाराच्या फटी बुजवलेल्या हव्यात. वरच्या मजल्यावरच्या आजींना आम्ही सरावाच्या वेळा लिहून दिल्या, त्याचा उपयोग ट्रेंपेक्षा जास्त झाला.

३. जागा रिकामी झाली की आधी घरात बघा.

‘बझकॉक्स’ने १९७६च्या डिसेंबरात पाचशे पौंड उसने काढून एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारीत स्वतःच्याच लेबलवर तबकडी काढली. उसनवारीत पीट शेलीच्या वडिलांचेही पैसे होते. तबकडी बाजारात येते न येते तोच गायक हॉवर्ड डिवोटो बँड सोडून गेला. त्यांनी बाहेरून गायक आणला नाही. गिटारवर असलेला शेली गायला लागला, बेसवरचा स्टीव्ह डिगल गिटारवर सरकला आणि नवा माणूस आला तो बेससाठी. शेलीचा तो पातळ, जरासा दुखावलेला आवाज नसता तर त्यांची प्रेमाची गाणी मला भिडलीच नसती.

४. घरात नसेल तर पहिल्या रांगेत बघा.

२०१३मध्ये आमचा गायक गेला. गिटारवाल्याने चार महिने प्रयत्न केला, पण त्याचा आवाज ड्रमवर चढेना. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला एक मुलगा पहिल्या रांगेत असायचा. एकदा माइकची वायर निघाली तर त्याने उरलेलं कडवं खालून पूर्ण केलं, आणि मधला एक शब्द बदलून. तो बदललेला शब्द आमच्या शब्दापेक्षा चांगला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला खोलीवर बोलावलं.

कॅलिफोर्नियातल्या ‘ब्लॅक फ्लॅग’ला हेन्री रॉलिन्स असाच मिळाला. तो वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कार्यक्रमात तो मंचावर चढला आणि एक गाणं गायला. तो त्यांचा चौथा गायक. त्याच्या आधीचा डेझ कडेना मात्र बँड सोडून गेला नाही. त्याला गिटार वाजवायची होती, म्हणून तो बाजूला सरकला आणि तिथेच राहिला. जुना माणूस शेजारी उभा असताना नव्याने त्याची गाणी गायची, हे दोघांच्याही मोठेपणाचं काम आहे.

५. नव्या माणसाला जुन्याची नक्कल करायला लावू नका.

या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण बाकीचं सगळं मला इथूनच समजत गेलं.

आमचा पहिला ड्रमर २०११मध्ये शिकायला जर्मनीला गेला. त्याच्या जागी आला तो ढोल-ताशा पथकातला मुलगा. ताशावर त्याचा हात असा, की तर्री सुरू झाली की अंगावर काटा यायचा. ड्रम किटवर तो त्याआधी जेमतेम सहा महिने बसला होता. आम्ही त्याला जुनी रेकॉर्डिंग दिली आणि सांगितलं, हे असंच्या असं बसव. त्याने बसवलं. तीन महिने गाणी बिनचूक वाजली, आणि त्या तीन महिन्यांत मला सरावाला जावंसं वाटेना. कारण कळत नव्हतं. सगळं तर बरोबर चाललं होतं.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव करून तो रात्री आमच्याकडे यायचा. एका रात्री हात गरम असताना त्याने सवयीने स्नेअरवर ताशाची घाई केली, मधला ठोका गाळला आणि समेवर असा येऊन आदळला की गिटारवाला वाजवायचा थांबून हसायला लागला. मी थांबले नाही. मी त्याच्या मागे गेले. तोवर कधी वाजवली नव्हती अशी बेसची ओळ माझ्या बोटांतून निघाली. ते गाणं आम्ही त्या रात्री नव्याने रचलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत बाकीचीही.

माणूस गेला, दुसरा आला, की आपण ‘जागा भरली’ म्हणतो. मला हा शब्द आता खटकतो. जाणारा आपली जागा सोबत घेऊन जातो आणि येणारा आपली घेऊन येतो. मधे उरतात ती गाणी, आणि ती पुन्हा शिवून घ्यावी लागतात.

रामोन्सकडे परत जाते. सततच्या दौऱ्यांनी थकून टॉमी १९७८मध्ये ड्रमवरून उठला, पण पुढच्या अल्बमचा निर्माता म्हणून सोबत राहिला. त्याच्या जागी मार्की आला. १९८३मध्ये दारूपायी मार्कीला काढलं आणि रिची आला. त्याने नुसतं वाजवलं नाही, तर गाणीही लिहिली, आणि १९८४चा त्यांचा अल्बम आधीच्या दोन-तीन अल्बमपेक्षा कितीतरी दणकट निघाला. रिची गेल्यावर १९८७मध्ये ‘ब्लाँडी’चा क्लेम बर्क आला. तो पिढीतला अव्वल ड्रमर. पण दोन कार्यक्रमांत संपलं. अव्वल असणं आणि या चौघांत मिसळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नवा माणूस घेताना दर वेळी स्वतःला बजावते.

६. पैशाचं पहिल्या दिवशी बोला.

रिची गेला तो टी-शर्टच्या पैशांत वाटा मिळत नाही म्हणून. आमच्याकडे ऐंशी टी-शर्ट विकले गेले, आणि ‘नवा आहे’ म्हणून तिसऱ्या ड्रमरला आम्ही त्यातलं काही दिलं नाही. तो मंचावर आमच्याइतकाच घाम गाळत होता. बंगळूरला नोकरी लागल्यावर तो गेला, पण मनाने तो त्या दिवशीच गेला होता. आता आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे: जो त्या रात्री वाजवेल, त्याचा सारखा वाटा. गाणं कुणी रचलं आणि अ‍ॅम्प कुणाच्या मालकीचा, हेही तिथेच.

७. कुणाला काढायचं असेल तर समोर बसून काढा. त्याआधी विचारा.

ताशावाल्या ड्रमरला आम्ही २०१५मध्ये काढलं. तो शनिवारचे सराव बुडवायला लागला होता. मुंबईचा एक कार्यक्रम आदल्या रात्री रद्द करावा लागला. आम्ही तिघं अमृततुल्यात बसलो आणि तिघांनी मिळून फोनवर एक निरोप लिहिला. पाठवण्याचं बटण मी दाबलं. उत्तर आलं, ‘ठीक आहे.’

दोन आठवड्यांनी त्याचा स्नेअर परत द्यायला मी त्याच्या घरी गेले. दार त्याच्या आईने उघडलं. काकूंनी पाणी दिलं आणि बोलता बोलता सांगितलं, की वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. त्यातला एक दिवस शनिवार. ‘बोलला नाही का तो तुम्हाला?’ त्या म्हणाल्या. बोलला नव्हता. चार वर्षं आठवड्याला दोनदा भेटत होतो, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

‘द क्लॅश’ने १९८२मध्ये ड्रमर टॉपर हेडनला काढलं. त्याला हेरॉइनचं व्यसन होतं आणि दौरा तोंडावर होता. त्यांच्या बाजूने कारणं होती. पण ‘रॉक द कॅसबा’ या गाण्याची चाल टॉपरची. स्टुडिओत एकट्याने बसून ड्रम, पियानो आणि बेस त्यानेच वाजवून ठेवले होते. अमेरिकेत ते गाणं पहिल्या दहांत गेलं, आणि चित्रफितीत ड्रमवर दिसतो तो परत बोलावलेला टेरी चाइम्स. मला ती चित्रफीत नीट पाहवत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मिक जोन्सलाही काढलं, आणि १९८६पर्यंत बँड संपला.

आमचंही सगळ्यात चांगलं गाणं ताशावाल्याचंच होतं. तो गेल्यावर आम्ही ते तीन वर्षं वाजवलं नाही. श्रोते मागायचे. आम्ही पुढचं गाणं सुरू करायचो.

८. अबोला बरा नव्हे.

जोई आणि रामोन्सचा गिटारवाला जॉनी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जोईची मैत्रीण जॉनीकडे गेली, तिथून ते बिनसलं ते बिनसलंच. तरी एकाच गाडीतून फिरून त्यांनी एकूण २,२६३ कार्यक्रम केले. शेवटचा ६ ऑगस्ट १९९६ रोजी, हॉलीवूडमध्ये. लोक हे निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही, मोठी हानी दिसते. २००१मध्ये जोई गेला, तेव्हाही दोघांत समेट झालेला नव्हता. चार मूळ भिडूंपैकी शेवटचा टॉमी २०१४मध्ये गेला. आमच्यात कुणी दोन सराव गप्प राहिलं, तर तिसऱ्या दिवशी वाद्यं बाहेर निघत नाहीत. चहा होतो, आणि बोलणं होईपर्यंत होतो.

९. दार उघडं ठेवा.

डीडी १९८९मध्ये रामोन्स सोडून गेला, पण त्यांच्यासाठी गाणी लिहीत राहिला. मार्कीला काढलं होतं, तो चार वर्षांनी सुधारून परत आला आणि शेवटपर्यंत वाजवत राहिला. डीडीच्या जागी आलेल्या सीजेने तेच आडनाव लावलं, जे खरं तर त्यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

आमची आत्ताची ड्रमर २०१८मध्ये आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तिला ते ताशाचं गाणं सापडलं आणि हे आपण का वाजवत नाही, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग त्याला फोन करून विचारा. त्या फोनला मला तीन दिवस लागले. मी आधी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वाजवा, पण मला ऐकवा.

गेल्या गणपतीत, विसर्जनानंतरच्या रविवारी तो खोलीवर आला. वडील त्याआधीच गेले होते. तो दाराजवळच्या गादीवर बसला. तिने गाणं सुरू केलं. त्याने गाळलेला ठोका तिने परत आणला होता, पण हाय-हॅटवर, अगदी हलका, आणि समेच्या आधीची घाई डाव्या पायावर घेतली होती. मी बेसवरून नजर उचलली नाही. गाणं संपलं तेव्हा अ‍ॅम्पची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

‘ते पायाचं कसं केलंस? दाखव ना,’ तो म्हणाला.

ती स्टूलवरून उठली आणि स्टिक्स त्याच्या हातात दिल्या.