करडांचे दूध तोडताना

नारायण पेठेतील माझ्या दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतले रुग्ण येतात. औषध घेऊन झाले की काही जण हळूच विचारतात, "डॉक्टर, दूध तोडल्यापासून करडू वाळत चाललंय. बाळाचं टॉनिक पाजू का?" मी माणसांचा डॉक्टर, तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन शेळ्यांवर ज्यांची शाळेची फी आणि दवापाणी चालते, त्यांना एक करडू दगावणे परवडत नाही.

टॉनिक देऊ नये. माणसांची जुलाबाची औषधे तर मुळीच नकोत. खरे कारण वेगळे आहे. करडू जन्मते तेव्हा त्याचे कोठीपोट अगदी लहान असते. दूध त्याला वळसा घालून पुढच्या कप्प्यात जाते. कोठीपोट वाढते ते चारा आणि खुराक खाल्ल्याने. ही तयारी नसताना दूध एकदम तोडले तर करडू उपाशी राहते, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि हगवण, जंत डोके वर काढतात.

म्हणून पूरक आहार दूध तोडल्यावर नव्हे, आधीपासून हवा. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला, वाळलेला चारा, स्वच्छ पाणी आणि चिमूटभर खुराक समोर ठेवावा. घरचे मिश्रण असे : मक्याचा भरडा ५० भाग, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा २२, क्षार मिश्रण २, मीठ १. पेंडीला बुरशी नसावी. खुराक हळूहळू रोज १०० ग्रॅमपर्यंत न्यावा. एकदम भरपूर धान्य दिल्यास पोट आंबते, आंत्रविषारही होऊ शकतो.

साधारण तीन महिन्यांचे, जन्मवजनाच्या अडीच पट झालेले आणि खुराक नीट खाणारे करडू दूध तोडण्यास योग्य. दहा-बारा दिवसांत दूध कमी करत जावे. करडे ओळखीच्या जागीच एकत्र ठेवून शेळीला दूर बांधावे. त्याच आठवड्यात खच्चीकरण किंवा बाजार नको. लस व जंताचे औषध कधी द्यायचे, ते पशुवैद्यांना विचारावे. यीस्टसारखी पूरके काही वेळा उपयोगी पडतात. पण चाऱ्याची आणि सवयीची जागा घेत नाहीत.

घरातील बाळाचेही असेच. सहा महिने पूर्ण होताच अंगावरच्या दुधाबरोबर मऊ वरण-भात, नाचणीची पेज सुरू करावी. दूध एकाएकी तोडू नये. वर्षाच्या आतील बाळाला केवळ शेळीच्या दुधावर ठेवू नये. त्यात फॉलिक आम्ल फार कमी असल्याने रक्तक्षय होतो. मोठ्यांनीही हे दूध उकळूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिसचा ताप येऊ शकतो.