हृदयविकाराचा वारसा आणि कुटुंबाची तपासणी

मैदानावर धावता धावता एखादा तरुण कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. ‘काळाने घाला घातला’ एवढे बोलून घरचे लोक गप्प होतात. त्याचा काका असाच पस्तिशीत गेला होता, आत्याला जिना चढताना भोवळ येत असे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. परंतु या गोष्टी एकत्र मांडून पाहण्याचे कोणास सुचत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या मांडणीविषयीच सांगावयाचे आहे.

अशा मृत्यूंमागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी’, अर्थात हृदयस्नायूची अवाजवी वाढ. रक्तदाब किंवा झडपेचा दोष नसतानाही डाव्या जवनिकेची भिंत जाड होते आणि काही रुग्णांत हृदयाचा ताल एकाएकी बिघडतो. साधारणतः पाचशे माणसांत एकास हा विकार असतो, असे मानले जाते. स्नायूंची प्रथिने घडविणाऱ्या जनुकांतील बदल हे त्याचे प्रमुख मूळ होय. असा पहिला बदल १९९० मध्ये मायोसिनच्या जनुकात आढळला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी.

आपल्या देशाचा या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. हैदराबाद येथील ‘सीसीएमबी’चे के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, हृदयस्नायूच्या एका जनुकातून पंचवीस अक्षरे गळालेली प्रत भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आहे. जातीपातीच्या भिंती या वारशाने कधीच मानल्या नाहीत, हेही त्यातून दिसले. मात्र चार टक्के हा आकडा ऐकून धास्तावू नये. पुढील अभ्यासांत असे आढळले की, पुष्कळ वाहक निरोगी राहतात. जोखीम बऱ्याच अंशी त्याच जनुकातील आणखी एखाद्या दुर्मीळ बदलाशी निगडित असते. म्हणून केवळ अहवालावर ‘वाहक’ असा शब्द दिसला की माणूस रोगी ठरत नाही. त्याचा अर्थ लावण्यासाठी तज्ज्ञ हवा, आणि कुटुंबाचा इतिहासही हवा.

खरा लाभ येथेच आहे. रुग्णातील रोगकारक बदल निश्चित झाला, तर त्याच्या भावंडांत व मुलांत नेमका तेवढाच शोधता येतो. ज्याच्यात तो नाही, त्याची वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून सुटका होते. ज्याच्यात आहे, त्याच्यावर ईसीजी व इको यांद्वारे लक्ष ठेवता येते. जनुकतपासणी परवडत नसेल, किंवा तीत काही सापडले नाही (असे अनेकदा घडते), तरी आईवडील, भावंडे आणि मुले यांची ईसीजी व इको तपासणी करून घ्यावीच.

औषधांतही प्रगती झाली आहे. हृदयातून रक्त बाहेर जाण्याच्या वाटेत अडथळा येणाऱ्या रुग्णांसाठी मावाकॅम्टेन या औषधास २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मायोसिनचा अतिरेकी जोर कमी करते. पण जोर फारच उतरू नये म्हणून वारंवार इको करावा लागतो.

अडचण पैशांची असते, तशी लपवाछपवीचीही असते. ‘मुलीचे लग्न जमणार नाही’ या भयाने कित्येक घरांत आजाराचे नावही उच्चारले जात नाही. पालकांना आमची विनंती आहे की, मुलाला खेळासाठी किंवा वसतिगृहात पाठविताना आरोग्यपत्रकावर दोन गोष्टी निःसंकोच लिहाव्यात: घरात चाळिशीच्या आत कोणाचा अचानक मृत्यू झाला आहे काय, आणि धावताना मुलाला कधी भोवळ आली आहे काय.