पहिला पंच मारण्याआधी: फायटिंग गेम शिकताना काय करावे, काय टाळावे

चिखली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं १९९७ साली. त्याच वर्षी जपानमध्ये ‘टेकन ३’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हे गेम निघाले आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत, सायबर कॅफेंत येऊन बसले. तेव्हा नाणी टाकून खेळलेला आणि आज चाकणला किंवा तळवड्याला शिफ्ट करणारा काका असो, नाहीतर त्याचा कॉलेजात जाणारा पुतण्या, दोघांचाही समज असतो की फायटिंग गेम आपल्याला येतो. ऑनलाइन गेल्यावर पहिल्याच सामन्यात तो समज उतरतो. ही यादी त्या दोघांसाठी.

गेम निवडताना

करावे: ‘अवघड’ या शब्दाची आधी फोड करावी. एक अवघडपणा हाताचा असतो: खाली, तिरकं, पुढे आणि पंच हे सगळं एका झटक्यात दाबणं. दुसरा पाठांतराचा: समोरचा काय काय करू शकतो ते माहीत असणं. तिसरा समोरचा माणूस ओळखण्याचा. हा तिसरा सगळ्या गेममध्ये सारखाच असतो, त्याची तुलना करत बसू नये. पहिल्या दोन्हींत मात्र गेमागणिक जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

स्ट्रीट फायटरचा अवघडपणा पहिल्याच आठवड्यात अंगावर येतो. बटणं सहा. हाडोकेन (हातातून सुटणारा गोळा) दहातून चारदा सुटतो, शोरयुकेन (उडी घेत मारलेला पंच) तर हवा तेव्हा हमखास सुटत नाही. पण एकदा हात बसला की पुढचा रस्ता बराच सरळ आहे. एका पात्राच्या खास चाली मोजक्या असतात आणि बसून ब्लॉक धरला की उडी मारून आलेला वार, ‘ओव्हरहेड’ (उभ्यानेच अडणारा वार) आणि थ्रो (पकड) सोडून बाकी जवळपास सगळं अडतं.

टेकनचं नेमकं उलट. बटणं चारच: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. काहीही दाबा, पडद्यावर काहीतरी झोकदार घडतंच. हात सोडून नुसतं उभं राहिलं तरी वरचे आणि मधले वार आपोआप अडतात. एडी गोर्डो हे पात्र घेऊन लाथांची दोन बटणं बडवत ज्यांनी सगळ्या मित्रांना हरवलं, त्यांचा गैरसमज इथेच जन्मला. कारण टेकनमध्ये उभ्याने खालचा वार अडत नाही आणि बसून मधला अडत नाही. म्हणजे समोरून येणारी चाल वरची, मधली की खालची हे ती येण्याआधीच ठाऊक असावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये ‘टेकन ८’ आला तेव्हा त्यात ३२ पात्रं होती आणि एकेकाच्या चाली शंभराच्या घरात. गुणाकार तुम्हीच करा.

टाळावे: ओळखीचा वाटतो म्हणून टेकनपासून सुरुवात. टेकन खेळायला सोपा आणि शिकायला अवघड आहे. स्ट्रीट फायटर खेळायला अवघड आणि शिकायला सोपा. नवख्याने जून २०२३ मध्ये आलेला ‘स्ट्रीट फायटर ६’ घ्यावा. त्यात ‘मॉडर्न’ नावाची बटणांची मांडणी आहे. तिच्यात खास चाल एका बटणावर निघते, त्या बदल्यात अशा चालीचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो. हाताचं ओझं एवढ्या किमतीत उतरत असेल तर सौदा वाईट नाही. जुने खेळाडू मॉडर्नवाल्यांना नाकं मुरडतात. मुरडू द्यावीत.

करावे: तरीही टेकनच हवा असेल तर ‘टेकन ८’मधला आर्केड क्वेस्ट हा भाग आधी पूर्ण करावा, शिकवण्यासाठीच तो केलेला आहे. पात्र म्हणून पॉल किंवा क्लॉडिओ घ्यावा.

टाळावे: काझुया. त्याचा ‘इलेक्ट्रिक’ निघायला दिशा आणि बटण सेकंदाच्या एका साठाव्या भागात एकदमच दाबावं लागतं. दिसायला देखणा, पण नवख्याचा महिना त्यातच जातो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मॉर्टल कोम्बॅटमध्ये ब्लॉकला वेगळं बटण आहे, त्यामुळे पहिला दिवस सोपा जातो. मात्र रक्तपात असा की हॉलमधल्या टीव्हीवर आईसमोर लावता येत नाही. ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ फार वेगवान, हवेतल्या हवेत धावावं लागतं, म्हणून दुसरा गेम म्हणून उत्तम. किंग ऑफ फायटर्सवर आपल्याकडच्या लोकांचं जुनं प्रेम आहे, पण तीन पात्रं सांभाळायची आणि उडीचेच चार प्रकार शिकायचे, तो शेवटी. ‘ब्रॉलहल्ला’ फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो, पण तो समोरच्याला रिंगणाबाहेर फेकण्याचा खेळ आहे, त्यातल्या सवयी इकडे उपयोगी पडत नाहीत. मोबाइलवरचा शॅडो फाइट आवडत असेल तर जरूर खेळा. त्याला सराव मात्र म्हणू नका.

सामान

टाळावे: पहिल्या पगारात आर्केड स्टिक. साधा कीबोर्ड चालतो, कित्येक चांगले खेळाडू बटणांवरच खेळतात. स्वस्त कीबोर्डात एकच खोट असते: तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी नोंदलीच जात नाही. नोटपॅड उघडून एस, डी, यू, आय एकदम दाबावं आणि किती अक्षरं उमटतात ते पाहावं.

करावे: जुना कंट्रोलर विकत घेताना स्टिकवरून अंगठा काढून बघावं. पात्र आपोआप चालू लागलं तर परत द्यावा.

करावे: चित्राची गुणवत्ता हवी तेवढी खाली आणावी, पण सेकंदाला ६० फ्रेम टिकवाव्यात. या गेममध्ये सगळी मोजणी फ्रेमवर चालते. पीसी दमला की चित्र तर अडखळतंच, सामनाही मंदावतो.

करावे: ऑनलाइन खेळताना वायर लावावी. राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत असेल तर भिंतीच्या कडेने लांब केबल ओढावी. सामना स्वीकारण्याआधी समोरचा वाय-फायवर आहे की वायरवर हे दिसतं. ते बघूनच हो म्हणावं.

टाळावे: खटखट वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड, जर शेजारच्या खोलीत कोणी थर्ड शिफ्ट करून झोपलेलं असेल. घरकुल वसाहतीतल्या वन रूम किचनमध्ये तर हा घरातल्या शांततेचा प्रश्न होतो.

सरावात

करावे: आधी अडवायला शिकावं. नवखा हरतो तो कमी मारल्यामुळे नव्हे, तर सारखं मारत राहिल्यामुळे. दोघंही सारखंच बटण दाबत असतील तर ज्याची चाल आधी सुरू झाली तो जिंकतो. अडवून मग मारणारा मात्र समोरच्याची चाल फसल्याचा फायदा घेतो. रयूचा शोरयुकेन अडवला की तो हवेतून खाली येईपर्यंत तुमचाच असतो. हा एक प्रसंग नीट वापरता आला तरी खालच्या रँकमधले निम्मे सामने फिरतात, असं बेधडक सांगतो.

टाळावे: “माझे रिफ्लेक्स कमी पडतात” ही सबब. स्ट्रीट फायटरमधला जलद जॅब चार फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. माणसाला बघून हालचाल करायला साधारण पाव सेकंद लागतो. जॅब बघून कोणीच अडवत नाही, जगज्जेताही नाही. तो आधीच अडवून उभा असतो.

करावे: बघून उत्तर देता येण्यासारख्या दोन गोष्टी मात्र पाठ कराव्यात. पहिली उडी. ट्रेनिंगमध्ये समोरच्या बाहुल्याला उड्या मारायला लावावं आणि प्रत्येक उडी खाली पाडावी. दुसरी ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’. तो लागायला २६ फ्रेम घेतो, वाटेत दोन वार पचवतो आणि कोपऱ्यात सापडलेल्याचा निकाल लावतो. तो दिसला की आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबायचा, उशिरा सुटलेला जिंकतो. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये नवखे ज्या एका गोष्टीने सर्वाधिक रडतात ती हीच, आणि तिचं उत्तर एवढंच आहे.

करावे: एकच कॉम्बो शिकावा, तीन-चार वारांचा, दहातून नऊदा निघणारा.

टाळावे: यूट्यूबवरचे निम्मी लाइफ उडवणारे कॉम्बो. ते लावायची संधीच तुम्हाला अजून मिळत नाही. आणि संधी आली की हात थरथरतो, ते वेगळंच.

टाळावे: हरलो की पात्र बदलणं. रयू, केन किंवा ल्यूक यातला एक घ्यावा आणि मुक्काम करावा. झँगीफचा मोह होतो, धिप्पाड आहे. पण त्याच्या मुख्य पकडीसाठी स्टिक गोल फिरवावी लागते.

करावे: अंकांची भाषा समजून घ्यावी. कीबोर्डच्या उजवीकडचा अंकांचा चौकोन बघा: मधला ५ म्हणजे स्टिक मोकळी, २ खाली, ६ पुढे. २३६ आणि पंच म्हणजे हाडोकेन. जगभरचे खेळाडू चाली अशाच लिहितात.

करावे: थोडा पण नेमाने सराव. चिखलीत नळाला पाणी २०१९ पासून दिवसाआड येतं. सरावही दिवसाआड चालेल, अर्धा तास पुरेल. रविवारी सहा तास बसून आठवडाभर हात न लावणं मात्र कामाचं नाही.

करावे: शेजारी बसून खेळावं. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ मध्ये एकाच वर्षात जपान आणि लास व्हेगास अशा दोन्ही ठिकाणची ‘इव्हो’ स्पर्धा टेकन ७ मध्ये जिंकली. तो तयार झाला तो गावातल्या आर्केडमध्ये, रोज त्याच लोकांशी खेळून. भोसरी एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. चार मित्रांना बोलवायला तो वार बरा. हरल्यावर “हे कसं केलंस?” हे समोरच्याला विचारता येतं, हा फायदा ऑनलाइन नाही.

वागताना

टाळावे: हरत आलो की नेट बंद करणं. लोकांना कळतं, आणि गेमलाही.

टाळावे: वय झालं असं म्हणणं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’चं पदक होतं. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले, त्यांना पदक मिळालं नाही. सुवर्ण जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता.

टाळावे: पैजा. “शंभर लावतो का?” असं म्हणून खेळलं की माणूस शिकायचं सोडून फक्त खात्रीची चाल खेळतो. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली.

टाळावे: आधी पूर्ण गेम विकत घेणं. ‘टेकन ८’ला १०० जीबी जागा लागते, ‘स्ट्रीट फायटर ६’ला ६०, आणि दोन्हींचे डेमो फुकट आहेत. स्ट्रीट फायटरच्या डेमोत रयू आणि ल्यूक मिळतात. त्यातलं ट्युटोरियल पूर्ण करा, मग संगणकाविरुद्ध खेळून त्याच्या उड्या पाडायचा प्रयत्न करा. पाडताना मजा आली तर गेम घ्या. नाही आली तर पैसे दुसऱ्या कशाला तरी ठेवा.