मोटारीचे दार उतरले तर

घराचे दार उतरले की ते फरशीला घासते. कुरकुर आवाज येतो, फरशीवर गोल चरा पडतो. मग आपण सुताराला बोलावतो. सुतार कडीला हात लावत नाही. तो आधी वरची बिजागरी बघतो. मोटारीच्या दाराचेही तसेच आहे. फरक एवढाच, की घराचे दार जागच्या जागी असते आणि मोटारीचे दार ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने पळत असते. ते नीट अडकलेले नसेल तर वळणावर उघडते, आणि त्याला टेकून बसलेले माणूस रस्त्यावर पडते.

उदाहरणाला आपण पद्मिनी मोटार घेऊ. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ बनावट इटलीच्या फियाट कंपनीची, म्हणून जुनी माणसे तिला अजून फियाटच म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली आणि ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण घरच्या वापरातल्या पद्मिनी अजून आहेत. ॲम्बॅसडर आहेत, जुन्या जीपही आहेत. ज्यांनी त्या सांभाळल्या त्यांना, आणि गॅरेजात नव्याने कामाला लागलेल्या पोरांना, हा पाठ उपयोगी पडेल.

दार उतरते म्हणजे नक्की काय होते? मोटारीचे दार दोन बिजागऱ्यांवर टांगलेले असते. एक वर, एक खाली. दाराचे सगळे वजन, काच धरून, या दोघींवर. वजनामुळे दार वरच्या बिजागरीला खांबापासून बाहेर ओढते आणि खालच्या बिजागरीला खांबात दाबते. बिजागरीच्या मधोमध खिळा असतो. त्याला गॅरेजात पिन म्हणतात. दार उघडताना नि मिटताना पिन घासते. तेल नसेल तर अधिक घासते. हळूहळू पिन बारीक होते, तिचे भोक मोठे होते आणि दार खेळू लागते.

आता थोडा हिशेब करू. दोन बिजागऱ्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे आणि दार ९० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. रुंदी अंतराच्या तिप्पट झाली. म्हणून वरच्या बिजागरीत फक्त १ मिलिमीटर ढिलाई आली तर दाराचे कुलपाकडचे टोक ३ मिलिमीटर खाली येते. बिजागरीतला १ मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. कुलपाकडचे ३ मिलिमीटर मात्र लगेच जाणवतात, कारण दार लागेनासे होते. दुखणे एकीकडे आणि कळ दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. बहुतेक माणसे इथेच फसतात. जिथे अडते तिथेच दुरुस्ती करू बघतात.

गिऱ्हाईक गॅरेजात येते आणि म्हणते, "मेस्त्री, खांबावरचा तो कुलपाचा तुकडा जरा खाली सरकवा. दार लागलं की झालं. मला घाई आहे."

जाणता मेस्त्री सांगतो, "दादा, सरकवतो म्हटलं तर पाच मिनिटांचं काम आहे. आज दार लागेल. पण पिन झिजायची थांबणार आहे का? महिन्याभरानं परत खाली येईल. मग आणखी किती सरकवायचं? त्याला काही शेवट आहे की नाही?"

मेस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. खांबावरच्या त्या तुकड्याला स्ट्रायकर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत दाराचे कुलूप त्यावर दोन टप्प्यांत बसते. पहिला 'टक्' आवाज म्हणजे अर्धे लागले. दुसरा 'टक्' म्हणजे पुरे लागले. उतरलेले दार पुष्कळदा पहिल्या टप्प्यावरच राहते. बाहेरून बंद दिसते, पण धक्का बसला की सुटते. काही जण दार आतून सुतळीने बांधतात. आम्हाला तर हा उपाय दुखण्याहून वाईट वाटतो. अपघात झाला तर आतल्या माणसाने गाठ सोडत बसायचे का?

तेव्हा आधी परीक्षा करावी. परीक्षेला पैसा लागत नाही. दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करा. दार मिटून फटी बघा. दार उतरले असेल तर बिजागरीकडची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते. कुलपाकडे उलटे होते, वर अरुंद नि खाली रुंद. मग दार अर्धे उघडा. एकाने दाराचे टोक दोन्ही हातांनी धरून वर उचलावे, सोडावे, पुन्हा उचलावे. दुसऱ्याने बिजागऱ्यांवर डोळा ठेवावा. काय हलते ते बघावे. सगळी मेख इथे आहे.

बिजागरीचे पान खांबावर घट्ट आहे आणि पिन मात्र भोकात खेळते, तर पिन झिजली. पानच खांबावर हलते, तर बोल्ट ढिले आहेत किंवा त्यांचे आटे गेले आहेत. पान घट्ट, पिन घट्ट, पण पानाभोवतीचा पत्राच आत-बाहेर होतो, तर खांब गंजला आहे. ही तीन दुखणी वेगळी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

बोल्ट ढिले असणे हे सगळ्यांत सोपे. जुनी जागा खडूने आखून ठेवावी. दाराखाली लाकडी फळी नि गोणपाट ठेवून जॅक लावावा. बोल्ट थोडे सैल करावेत, पुरते काढू नयेत. जॅकने दार केसभर उचलावे, बोल्ट आवळावेत आणि फट बघावी. पटले नाही तर पुन्हा करावे. काही गाड्यांत बिजागऱ्या वेल्डिंगने जोडलेल्या असतात. त्यांना हा उपाय नाही.

पिन झिजली असेल तर आदल्या रात्री तिच्यावर पातळ तेल सोडून ठेवावे. सकाळी दार जॅकवर टेकवावे. दार फार उघडू नये म्हणून जी पट्टी असते ती आधी सोडवावी. पिनेचे डोके कोणत्या टोकाला आहे ते पाहून दुसऱ्या टोकाकडून पंच आणि हातोडीने ती बाहेर काढावी. एका वेळी एकच पिन काढावी. दोन्ही एकदम काढल्या तर दार पायावर येईल. आणखी एक गोष्ट, भोके जुळली की नाही हे बोट घालून कधीही बघू नये. दार जरासे सरकले तर बोट कात्रीत सापडल्यासारखे होते.

भोक गोल असेल तर नवी पिन घालून काम भागते. ते अंड्यासारखे लांबट झाले असेल तर नवी पिनही त्यात खेळणारच. अशा वेळी बिजागरी लेथवाल्याकडे न्यावी. तो भोक गोल करून जाड पिन बनवून देईल किंवा पितळी बुश बसवील. काही जण तिथे खिळा कापून ठोकतात. खिळ्याचे लोखंड मऊ असते, ते लवकर झिजते.

आता गंजाचे. समुद्रकाठच्या गाड्यांना हे दुखणे फार. खारी हवा, पावसाळ्यातला चिखल, आणि दाराच्या तळाची बुजलेली भोके. ही भोके पाणी निघून जावे म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात. माती बसून ती बुजतात, पाणी दारात साठते, आतून पत्रा कुजतो. वरून रंग मात्र झकास दिसतो! पेचकसाच्या मुठीने खांबावर आणि दाराखालच्या उंबरठ्यावर ठोकून पाहा. निरोगी पत्रा ठणठणीत वाजतो. कुजलेला पत्रा भदभद वाजतो.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. सांगाडा आणि पत्रा मिळून एकच. म्हणून दाराखालचा पोकळ उंबरठा हा नुसता पायरीचा पत्रा नव्हे, गाडीचे वजन तो पेलतो. तो कुजला तर गाडी मधोमध वाकते. मग दार शाबूत असूनही लागत नाही, कारण दाराची चौकटच बदलली. शंका असेल तर दार मिटून गाडीची एक बाजू जॅकवर थोडी उचलावी. फटी कमी-जास्त झाल्या, दार आवळले, तर बिजागरीत पैसे घालू नका. गाडी चालवूही नका. उचललेल्या गाडीखाली मात्र कोणी शिरू नये.

कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे हे हुशार वेल्डरचे काम आहे. त्याने बॅटरीची तार सोडली पाहिजे, पेट्रोलची टाकी सांभाळली पाहिजे. गंजावर लांबी भरून रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक आहे. जुनी गाडी विकत घेताना चारही दारे उचलून बघावीत ती याचसाठी. विकणारा रागावला तर रागावू द्या.

दार जागेवर आले की मग स्ट्रायकरकडे वळावे. आधी कोणी तो खाली सरकवला असेल तर परत वर घ्यावा. दार हलक्या हाताने लावावे. दोन 'टक्' स्वच्छ ऐकू आले पाहिजेत. पिनांना तेल द्यावे, तळाची भोके तारेने मोकळी करावीत. आठ दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. आणि आजोबा-आजींना गाडीतून उतरताना हात द्यावा. नाहीतर ती दाराला लोंबकळून उठतात, आणि सगळा भार पुन्हा वरच्या बिजागरीवर येतो.